माथ्यावरून सुरुवात

मृद व जलसंधारणात करिअर करायचं तर पहिला रस्ता कृषी अभियांत्रिकीचा. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांत बी.टेक.ला हा विषय असतो. पुढे संशोधनात रस असेल तर देहरादूनची भारतीय मृद व जल संधारण संस्था आहे.

सरकारी नोकरीचं गणित मात्र वेगळं. राज्याच्या जलसंधारण विभागाने 2023 च्या अखेरीस जलसंधारण अधिकाऱ्यांच्या 670 जागा काढल्या, त्या स्थापत्य अभियंत्यांसाठी! भूशास्त्रवाल्यांना भूजल सर्वेक्षण यंत्रणेचं दार आहे.

पदवी कुठलीही असो, शिवारात उतरल्यावर हातात येते ती पाण्याने भरलेली पारदर्शक नळी. तिची दोन टोकं दोन काठ्यांना बांधायची; दोन्हीकडे पाणी सारख्या उंचीवर थांबलं की तिथे फक्कीची खूण करायची. अशा खुणा जोडत गेलं की उतारावर समपातळी रेषा उमटते आणि तिच्यावरच चर खणला जातो. रेषा चुकली तर पाणी एका टोकाला धावतं, बांध फोडतं आणि मातीही घेऊन जातं. कामाचा क्रम माथा ते पायथा. नाल्यातला बंधारा शेवटी. पुढाऱ्यांना नेमका तोच आधी हवा असतो.

‘वॉटर’सारख्या पाणलोट क्षेत्रातल्या संस्थांमध्ये समाजकार्य शिकलेल्यांनाही काम मिळतं. चराईबंदीवर गाव राजी करणं हे तिथलं रोजचंच.