पाइपलाइनचे जोड : घेताना पारखा, मग माती ओढा



नदीवरून किंवा विहिरीवरून माळावर पाणी न्यायचे म्हणजे लोखंडी पाइपलाइन आलीच. पाइप घेताना आपण दहा दुकाने फिरतो, भाव करतो. पण एल्बो, टी, सॉकेट, रेड्यूसर, फ्लँज हे जोड घ्यायची वेळ आली, की फिटरला सांगतो, "आण बाबा कुठले तरी." आणि लाइन फुटते ती बहुधा जोडावरच. तीही ऐन एप्रिलात, ऊस पाण्यावर आला असताना. कर्जाचा हप्ता डोक्यावर आणि पीक वाळतंय, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

आधी दाब समजून घ्या. पाणी १० मीटर उंच चढवले की तळाला साधारण १ किलो दर चौरस सेंटिमीटर इतका दाब येतो. समजा तुमचा माळ पंपापासून ४५ मीटर उंच आहे आणि घर्षणापोटी आणखी ५ मीटर धरले. म्हणजे पंपाजवळच्या जोडावर ५ किलोचा दाब झाला. आता वीज एकदम गेली, की चढते पाणी थबकते आणि उलटे फिरून धडक मारते. त्या क्षणी दाब कित्येकदा दुप्पट, कधी त्याहूनही जास्त होतो. म्हणून रोजच्या दाबाला पुरेल एवढाच जोड घेऊन भागत नाही. पंपाजवळ पाणी उलटे न येऊ देणारा व्हॉल्व्ह बसवा, आणि जोडही भक्कम घ्या.

शिक्का बघा. भारतीय मानक संस्था १९४७ साली निघाली. १९८७ पासून तिचे काम भारतीय मानक ब्यूरो पाहतो. शिक्का मात्र अजून आयएसआयचाच म्हणतात. शिक्क्याच्या वर मानकाचा क्रमांक असतो आणि खाली सीएम/एल या अक्षरांपुढे परवाना क्रमांक. सहा इंचापर्यंतच्या लोखंडी पाइपांसाठी आयएस १२३९ भाग १, त्यांच्या पोलादी जोडांसाठी त्याचाच भाग २, आणि ओतीव मॅलिएबल जोडांसाठी आयएस १८७९ हे मानक आहे. नुसता शिक्का आहे आणि क्रमांक नाही, तर तो माल परत करा. घरात कोणाकडे मोबाइल असेल तर बीआयएस केअर या ॲपवर परवाना क्रमांक घालून तो खरा की खोटा ते लगेच कळते.

पट्टा बघा, पण काट्यावरही ठेवा. पाइपावर पिवळा पट्टा म्हणजे हलका, निळा म्हणजे मध्यम, लाल म्हणजे जड. तीन इंची पाइपाची जाडी हलक्यात सुमारे ३.२ मिलिमीटर, मध्यमात ४ आणि जडात ४.८. पण रंग काय, कोणीही फासतो! तीन इंची, सहा मीटर लांबीचा मध्यम पाइप साधारण ५० किलो भरतो, हलका ४० किलोच्या आसपास. वजनकाटा खोटे बोलत नाही.

पाइपाला साजेसा जोड घ्या. निळ्या पट्ट्याच्या पाइपाला पातळ पत्र्याचा एल्बो लावला, तर पाइपाला घातलेले जादा पैसे पाण्यात गेले. आट्यांचा जोड घेताना आटे पूर्ण व स्वच्छ आहेत ना, अंगाला चीर किंवा भोक नाही ना, हे उजेडात धरून पाहा. पाइपावर दोन-तीन आटे हाताने सहज चढावेत, पुढे पान्याने घट्ट व्हावेत. हातानेच शेवटपर्यंत फिरला तर तो जोड गळणार. हलक्या पाइपावर आटे पाडू नका. आट्यांच्या खाली फार थोडे लोखंड उरते.

वेल्डिंगचा जोड असेल तर त्याची जाडी पाइपाइतकी हवी आणि कडा तिरप्या घासलेल्या हव्यात, म्हणजे वेल्ड आतपर्यंत उतरते. पाइपाचे तुकडे कापून जोडलेल्या कोनापेक्षा लांब वळणाचा तयार बेंड घ्या. पाणी सुरळीत वळते, पंपावरचा भारही कमी होतो. जस्ताच्या पाइपावर वेल्डिंग केले तर तिथले जस्त जळते. धूर नाकातोंडात जाऊ देऊ नका, आणि नंतर त्या जागी जस्तयुक्त रंग लावा, नाहीतर गंज तिथूनच धरेल.

शेवटची परीक्षा. चारीत माती लोटण्याआधी लाइन पाण्याने भरा, आतली हवा काढा, आणि रोजच्या दाबाच्या दीडपट दाब देऊन प्रत्येक जोडावरून कोरडा हात फिरवा. ओल लागली तर आजच दुरुस्त करा. माती पडल्यावर तोच जोड शोधायला अर्धे शेत उकरावे लागते.

आणि पक्की पावती घ्या. तीवर मानक क्रमांक व वर्ग लिहून घ्या. माल खोटा निघाला तर भांडायला तेवढाच कागद हाताशी असतो.

हे पत्रक पंपघरात खुंटीला अडकवून ठेवा. खरेदीला निघताना ते सोबत असू द्या.