समुद्रतळावरचा काचेचा धागा

मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील भारत डायमंड बोर्समध्ये बसलेला जवाहिर व्यापारी हिऱ्याची चित्रफीत अँटवर्पच्या ग्राहकाला पाठवतो आणि हातातला चहा संपण्यापूर्वी तिकडून भावाची विचारणा येते. हा व्यवहार उपग्रहामार्फत होतो, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः एका खंडातून दुसऱ्या खंडात जाणारी जवळजवळ सगळी माहिती समुद्राच्या तळाशी टाकलेल्या काचेच्या धाग्यांतून जाते. आणि तो धागा ज्या नियमावर चालतो, तोच नियम व्यापाऱ्याच्या चिमट्यातील हिऱ्याला तेज देतो.

हिऱ्यात शिरलेला किरण खालच्या पैलूवर पुरेसा तिरका पडला, म्हणजे लंबाशी सुमारे २४ अंशांहून अधिक कोन करून आला, तर तो बाहेर निसटत नाही. पूर्णपणे मागे वळतो. घाट चुकला, खड्याचे पोट फार उथळ किंवा फार खोल राहिले, की प्रकाश तळातून गळतो आणि खडा निस्तेज दिसतो. पारख्याला हे अनुभवाने कळते. भौतिकशास्त्रात यालाच पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात. प्रकाशीय तंतूत, म्हणजेच ऑप्टिकल फायबरमध्ये, मधोमध काचेचा गाभा असतो आणि भोवती किंचित वेगळ्या काचेचे आवरण. या दोहोंच्या सीमेवर प्रकाश आतच अडून राहतो आणि धागा वळला तरी त्याच्याबरोबर वळत जातो. धाग्याची एकूण जाडी १२५ मायक्रॉन, केसाहून थोडी अधिक. गाभा मात्र ९ मायक्रॉनच्या आसपास. एका टोकाला लेसर सेकंदाला अब्जावधी वेळा लुकलुकतो आणि दुसऱ्या टोकाला ती लुकलुक पुन्हा चित्र, अक्षर किंवा आवाज बनते.

पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी आणि त्यांचे मार्गदर्शक हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी १९५४ साली, लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात, अशा तंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठवून दाखवले होते. परंतु ते अंतर हाताभराचे होते. किलोमीटरची गोष्ट निघाली की काच आडवी येई. त्या काळच्या चांगल्या काचेतून अवघ्या वीस मीटरवर शंभरातला एक भाग प्रकाश उरे.

१९६६ मध्ये चार्ल्स काव यांनी जॉर्ज हॉकहॅम यांच्यासह वेगळेच निदान मांडले. दोष काचेचा नाही, काचेत मिसळलेल्या लोखंड, तांबे अशा धातूंच्या अत्यल्प अंशांचा आहे. ते काढून टाका. एक किलोमीटरनंतर शंभरातला एक भाग उरला तरी दूरसंचाराला पुरेल, असे त्यांचे म्हणणे होते. १९७० मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या रॉबर्ट मॉरर, डोनाल्ड केक आणि पीटर शुल्ट्झ यांनी ती मर्यादा ओलांडली. त्यांनी वाळू वितळवलीच नाही. सिलिकॉनच्या एका द्रवरूप संयुगाची वाफ ज्योतीत सोडली आणि तिची पांढरी काजळी धरली, जसे दिव्यावर वाटी धरून काजळ पाडतात तसेच. हे संयुग सहज उकळते, धातू मात्र मागेच राहतात. त्यामुळे काजळीपासून घडलेली काच विलक्षण निर्मळ निघते. आज याच पद्धतीने काचेची कांडी बनवतात आणि ती तापवून तिच्यातून शेकडो किलोमीटर धागा ओढतात. काव यांनी एका किलोमीटरसाठी मागितलेला शंभरातला एक भाग आज शंभर किलोमीटर गेल्यावर शिल्लक असतो. त्यांना २००९ चे नोबेल मिळाले. कपानींना मिळाले नाही, याची खंत अनेक भारतीयांना वाटली, आणि ती अगदीच अनाठायी नव्हती.

तरीही समुद्र शंभर किलोमीटरचा नसतो. म्हणून केबलमध्ये साधारण ६० ते १०० किलोमीटरवर एक प्रवर्धक बसवतात. त्यातील तंतूत एर्बियम या धातूचा अंश मिसळलेला असतो. वेगळ्या लेसरने त्याचे अणू भारून ठेवले की थकून आलेला प्रकाश जाता जाता त्यांच्याकडून आपल्याच रंगाची भर घेतो. या प्रवर्धकांना लागणारी वीज केबलमधल्याच तांब्याच्या नळीतून किनाऱ्यावरून पाठवतात. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. १० हजार किलोमीटरला सेकंदाचा विसावा भाग पुरतो.

मुंबईचा व्यापार असा तळातल्या तारेला बांधला गेला तो आजचा नव्हे. १८७० साली ग्रेट ईस्टर्न जहाजाने मुंबईहून एडनपर्यंत तारायंत्राची केबल टाकली आणि विलायतेतील कापसाचे भाव इथल्या पेढ्यांवर अधिक भरवशाने येऊ लागले. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या आजच्या केबलींपैकी युरोपकडच्या बहुतेक त्याच वाटेने जातात: अरबी समुद्र, तांबडा समुद्र, इजिप्त, भूमध्य समुद्र.

धोका आहे तो इथेच. ३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ दोन केबली तुटल्या आणि इजिप्तपासून भारतापर्यंत इंटरनेट मंदावले. ज्यांच्याकडे पॅसिफिक महासागरावरून जाणारा पर्याय होता, त्यांनी तो वापरला. बाकीचे थांबून राहिले. २०२४ मध्येही तांबड्या समुद्रात केबली तुटल्या. कित्येक पेढ्या दोन कंपन्यांची जोडणी घेऊन निश्चिंत असतात. पण दोन्ही जोडण्या एकाच अरुंद समुद्रातून जात असतील, तर दुसरीचा उपयोग तो किती? कोणत्या कंपनीची, याहून कोणत्या मार्गाची, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

दुरुस्तीची रीत जुन्या तारायंत्राच्या काळची आहे. किनाऱ्यावरून धाग्यात प्रकाशाचा ठोका सोडतात आणि परत येणाऱ्या क्षीण प्रकाशाच्या वेळेवरून तुटीचे अंतर काढतात. मग जहाज तेथे जाऊन लोखंडी आकड्याने तळ चाळते, एक टोक वर घेते, ते तरंगत्या पिंपाला बांधते आणि दुसऱ्याच्या शोधात निघते. दोन्ही हाती आली की मधे नवा तुकडा घालून धाग्यामागून धागा विद्युत ठिणगीने सांधतात. समुद्र शांत असेल तर काम काही दिवसांत आटोपते.