कोणीच पटत नसेल, तेव्हा मत कोणाला?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



नोव्हेंबर २०२४ मधली गोष्ट. विधानसभेचं मतदान २० तारखेला होतं आणि आमच्या वरवट बकालच्या शिवारात कापूस वेचणीला आलेला. मतदानाला आठ दिवस राहिले असताना माझा पुतण्या ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "काका, यंदा मी कोनालेच मत देत नाही. सारे एकाच माळेचे मनी. त्या दिवशी वावरात जाईन, दोन मण कापूस तरी येचून होईल."

मी बत्तीस वर्षं शिक्षक होतो. मतदान हे पवित्र कर्तव्य आहे, हे वाक्य मी दर निवडणुकीत प्रभातफेरीत मुलांकडून म्हणवून घेतलेलं. पण त्या दिवशी ते वाक्य तोंडातून निघेना. कारण पुतण्याचे वडील, म्हणजे माझा धाकटा भाऊ, घरात खाटेवर होता. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या. आठवड्यातून दोनदा त्याला डायलिसिससाठी अकोल्याला न्यावं लागे. आमचा संग्रामपूर तालुका खारपाणपट्ट्यातला. इथल्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, आणि किडनीच्या आजाराची माणसं गावोगाव आहेत. भावाच्या आजाराचं कारण पाणीच, असं कागदावर कोणी लिहून दिलेलं नाही. पण गोड पाण्याचं आश्वासन प्रत्येक निवडणुकीत ऐकत पुतण्या लहानाचा मोठा झाला, हे तर खरंच आहे. त्याचा राग आळसाचा नव्हता.

शिवाय गेल्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या मतदाराची झालेली पंचाईत आपण सगळ्यांनी पाहिली. २०२२ मध्ये शिवसेनेत फूट पडली, २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये. चिन्ह एकीकडे, माणूस दुसरीकडे. ज्याला पाडायला मत दिलं, त्याच्याच मांडीला मांडी लावून आपला माणूस बसलेला. अशा वेळी 'कोणालाच नको' असं वाटणं साहजिक आहे. प्रश्न एवढाच, की असं वाटल्यावर करायचं काय? आपल्यापुढे वाटा किती, आणि प्रत्येक वाट कुठं जाते?

पहिली वाट पुतण्याची. घरीच राहायचं. तिची अडचण अशी, की न आलेल्या मताचं कारण कोणी नोंदवत नाही. रागावून न आलेला, पुण्याला कामावर असलेला, आजारी असलेला आणि झोपून राहिलेला, हे सगळे यादीत एकाच रांगेत बसतात. आपला राग आपल्यालाच ठाऊक. आणि जो उमेदवार पैशाच्या किंवा जातीच्या जोरावर ठरावीक मतं बांधून बसलेला असतो, त्याला तर बाकीचे घरी राहिलेलेच बरे वाटतात.

दुसरी वाट केंद्रावर जाऊन नकार नोंदवण्याची. ही वाट आज सोपी आहे, पूर्वी नव्हती. ती किती कठीण होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. २००९ च्या लोकसभा निवडणुकीत मी जिल्ह्यातल्या एका गावी केंद्राध्यक्ष होतो. दुपारी एक पन्नाशीचा शेतकरी आला. नोंदवहीत सही केली, बोटाला शाई लावून घेतली आणि म्हणाला, "गुरुजी, मले यातलं कोनीच नको. तसं लिहून घ्या." तेव्हा १९६१ च्या निवडणूक नियमांत '४९-ओ' हा नियम होता. सही केल्यावर मतदाराने मत द्यायला नकार दिला, तर केंद्राध्यक्षाने नोंदवहीत तसा शेरा लिहायचा आणि त्यापुढे मतदाराची सही किंवा अंगठा घ्यायचा. मी तसं केलं. पण खोलीत उमेदवारांचे प्रतिनिधी बसलेले. त्यातल्या एकाने त्या शेतकऱ्याच्या नावापुढे आपल्या यादीवर पेनने खूण केली. शेतकऱ्याने ती पाहिली, मीही पाहिली. इतर सगळ्यांचं मत गुप्त राहिलं. याचं तेवढं चव्हाट्यावर आलं. नियमाप्रमाणे माझी काही चूक नव्हती, पण परतीच्या ट्रकमध्ये पेट्यांजवळ बसल्यावर ती पेनची खूण काही डोळ्यांसमोरून हलेना.

याच मुद्द्यावर पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संघटना २००४ मध्येच सर्वोच्च न्यायालयात गेली होती. निकाल लागला २७ सप्टेंबर २०१३ ला. सरन्यायाधीश पी. सदाशिवम यांच्या पीठाने सांगितलं, की मत देणाऱ्याला जशी गुप्तता, तशीच नाकारणाऱ्यालाही हवी. म्हणून यंत्रावर वेगळं बटण द्या. तेच 'वरीलपैकी कोणीही नाही', म्हणजे आपण ज्याला 'नोटा' म्हणतो ते बटण. त्याच वर्षाअखेर दिल्ली, राजस्थान, मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि मिझोरामच्या निवडणुकांत ते पहिल्यांदा आलं. आपल्याकडे आलं २०१४ मध्ये.

त्या वर्षी मी स्वतः ते बटण दाबलं. खोटं कशाला सांगू, तासभर छाती फुगली होती. मग निकाल लागला, विजयी मिरवणूक निघाली, आणि माझ्या लक्षात आलं की माझ्या नकाराने कोणाचं काही अडलेलं नाही.

इथे पुष्कळांची समजूत चुकीची असते, म्हणून नीट सांगतो. लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुकीत नोटाची मतं मोजली जातात, जाहीर होतात, पण त्यांनी निकाल बदलत नाही. नोटाला कितीही मतं पडली, तरी उमेदवारांमध्ये ज्याला सर्वाधिक मतं, तो निवडून येतो. अनामत जप्त करायची की नाही, हे ठरवतानाही ती वैध मतांत धरत नाहीत. २०१९ मध्ये लातूर ग्रामीण आणि पलूस-कडेगाव या दोन विधानसभा मतदारसंघांत नोटा चक्क दुसऱ्या क्रमांकावर होता. २०२४ च्या लोकसभेला इंदूरमध्ये काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला, तेव्हा २,१८,६७४ लोकांनी नोटा दाबला. तरी भाजपचा उमेदवार दहा लाखांहून अधिक मतांनी निवडून आलाच.

मग नोटा निरुपयोगी का? तसं मी म्हणणार नाही. आपल्या राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये महानगरपालिका, नगरपालिका आणि नगरपंचायतींसाठी वेगळा आदेश काढला. तिथे नोटाला सर्वाधिक मतं पडली, तर फेरनिवडणूक होते. फेरनिवडणुकीतही नोटाच पुढे राहिला, तर मात्र उमेदवारांतला पहिला विजयी ठरतो. म्हणजे आमच्या संग्रामपूरच्या नगरपंचायतीत या बटणाला जे वजन आहे, ते विधानसभेत नाही. कोलंबियासारख्या देशात कोऱ्या मतांचं बहुमत झालं तर निवडणूक पुन्हा होते. उलट रशियाने 'सर्वांच्या विरोधात' हा पर्याय २००६ मध्ये काढूनच टाकला. म्हणून नोटा दाबायचा तर खुशाल दाबावा, पण त्याने काय होतं आणि काय होत नाही, हे ठाऊक असावं.

तिसरी वाट अपक्षाची किंवा लहान पक्षाची. आमच्या बुलढाणा मतदारसंघात २०२४ च्या लोकसभेला हीच परीक्षा झाली. एकीकडे शिंदे गटाच्या शिवसेनेचे प्रतापराव जाधव, दुसरीकडे ठाकरे गटाचे नरेंद्र खेडेकर, आणि शेतकरी चळवळीतले रविकांत तुपकर अपक्ष. जाधव २९,४७९ मतांनी निवडून आले आणि तुपकरांना जवळजवळ अडीच लाख मतं पडली. कोणी म्हणतं ही मतं वाया गेली, कोणी म्हणतं कापूस-सोयाबीनच्या भावाचा प्रश्न त्यामुळेच सगळ्यांना घ्यावा लागला. दोन्हींत तथ्य आहे. अपक्षाला मत देणाऱ्याने स्वतःला एवढंच विचारावं, की हा पडला आणि मला सर्वांत नको असलेला निवडून आला, तर मला चालेल का? चालत असेल, तर ते मत वाया नाही.

चौथी वाट, उरलेल्यांतला त्यातल्या त्यात बरा निवडण्याची. हे ऐकायला कमीपणाचं वाटतं. पण बैलबाजारात आपण काय करतो? मनातला बैल बाजारात नसतो. पेरणी तर तोंडावर असते. मग दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो आणि असलेल्यांतला घेतो. उमेदवाराचे दातही पाहता येतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे प्रत्येक उमेदवाराला शपथपत्र द्यावं लागतं. त्यात त्याच्यावरचे गुन्हे, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण लिहिलेलं असतं. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते कोणालाही वाचता येतं. घरातल्या शाळकरी मुलालाही मोबाइलवर काढून दाखवता येईल. मागच्या निवडणुकीतलं शपथपत्र शेजारी ठेवून वाचलं, तर पाच वर्षांत कोणाचं काय वाढलं, तेही कळतं.

आणि एका मताने काय होतं, असं वाटत असेल तर आपल्याच जिल्ह्याकडे पाहा. नोव्हेंबर २०२४ मध्ये बुलढाणा विधानसभेचा निकाल लागला ८४१ मतांनी. त्याच वर्षी लोकसभेला मुंबई उत्तर-पश्चिमचा लागला अवघ्या ४८ मतांनी, आणि तिथे नोटाला पंधरा हजारांहून अधिक मतं होती.

हे सगळं मी पुतण्याला एका बैठकीत सांगितलं नाही. चार संध्याकाळी लागल्या. तोही काही लगेच मान डोलावणारा नाही. म्हणाला, "मंग बरा कोनता, हे ठरवाचं कसं?" मी म्हटलं, सगळ्या प्रश्नांवर नको ठरवू. तुझा एकच प्रश्न घे. त्याने अर्थातच पाण्याचा घेतला. वहीच्या कागदावर तीन ओळी लिहिल्या: आमच्या गावाला गोड पाणी रोज का मिळत नाही, काम कुठं अडलं आहे, आणि डायलिसिसची सोय तालुक्यात कधी होणार. प्रचाराला जो येईल, त्याच्यापुढे तो कागद धरायचा. एकाचे कार्यकर्ते हसून पुढे गेले. एकाने "साहेबांना सांगतो" म्हटलं. एकाने मात्र बसून घेतलं, चहा घेतला, आणि काम कोणत्या टप्प्यावर अडलं आहे ते सांगितलं. सगळं पटण्यासारखं नव्हतं, पण प्रश्न त्याला माहीत होता.

२० तारखेला पुतण्या सकाळीच केंद्रावर गेला आणि तिथून वावरात. मत कोणाला दिलं, नोटा दाबला की काय केलं, मी विचारलं नाही. गुप्ततेसाठी एवढी मोठी लढाई झाली, ती घरातच कशाला मोडायची? कापूस दीड मणच निघाला, अशी कुरकुर मात्र त्याने रात्री केली.

भाऊ पुढच्या उन्हाळ्यात गेला. तो कागद पुतण्याने टाकला नाही. ग्रामसभेत त्याने तो वाचला आणि इतिवृत्तात नोंद घ्यायला लावली. आता माहितीच्या अधिकारात अर्ज कसा करायचा, ते विचारायला तो माझ्याकडे येतो. उत्तर अजून पूर्ण मिळालेलं नाही. पण पुढच्या वेळी मत मागायला येणाऱ्याला त्या कागदाच्या पाठीवरच्या तारखा आधी पाहाव्या लागतील.

श्रोतेहो, कोणताच पक्ष पटत नसेल, तर तुम्हीही मतदानाच्या आधी असा एक कागद लिहून पाहा.