खंजेरी जपानला गेली, तेव्हा तायकोचे गट नुकतेच सुरू झाले होते

तायकोचा एखादा रील तुमच्याही समोर आला असेल. डोक्याला पट्टी बांधलेली पंधरा-वीस माणसं, समोर पिंपाएवढे ढोल आणि सगळ्यांचे हात एकाच क्षणी वर. खाली हमखास लिहिलेलं असतं, ‘हजारो वर्षांची जपानी परंपरा’.

ढोल जुना आहे, हे खरं. पण असं गटाने वाजवणं सुरू झालं 1951 मध्ये. नागानो भागातल्या दाइहाची ओगुची या जॅझ ड्रमरच्या हाती देवळातल्या वादनाचा एक जुना कागद लागला. त्याला प्रश्न पडला, हे एकट्यानेच का वाजवायचं? त्याने लहानमोठे ढोल एकत्र मांडले आणि ड्रमसेटसारखी कामं वाटून दिली. एकाने ठेका धरायचा, बाकीच्यांनी त्यावर खेळायचं.

पुढे 1968 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत आणि 1969 मध्ये लॉस एंजेलिसच्या एका बौद्ध मंदिरात गट उभे राहिले. झाडाचं खोड कोरून केलेला ढोल परवडणारा नव्हता. मग लॉस एंजेलिसच्या पोरांनी काय केलं? दारूची रिकामी लाकडी पिंपं आणली आणि त्यांवर कातडं चढवलं. आजही कित्येक गटांचा सराव चिकटपट्टी गुंडाळलेल्या जुन्या टायरवर चालतो.

क्लासमध्ये सुरुवात होते तोंडाने. मधोमध जोरात ठोका म्हणजे ‘डोन’, दोन झटपट ठोके म्हणजे ‘डोको’, काठावरचा ठोका ‘का’ आणि थांबा म्हणजे ‘सु’. तबल्याच्या बोलांसारखंच. मग पाय फाकवून, गुडघे वाकवून उभं राहायचं. डाव्या हाताला उजव्याइतकंच काम असतं आणि नवशिक्यांचं घोडं अडतं ते तिथेच.

आता हे सगळं नागभीडमध्ये बसून वाचणाऱ्याने काय करायचं? तायकोचा क्लास मिळणं कठीण. पण शेजारच्या चिमूर तालुक्याशी ज्यांचं नाव कायमचं जोडलं गेलंय, त्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजेरी या भागात गावोगावी वाजते. 1955 मध्ये महाराज विश्वधर्म परिषदेसाठी जपानला गेले, तेही खंजेरी घेऊनच. ओगुचीचा प्रयोग तेव्हा जेमतेम चार वर्षांचा होता. दोघांची भेट वगैरे झाली असं नाही, उगाच फॉरवर्ड करू नका.

पण शिकण्याची रीत बघा. खंजेरी भजन मंडळात वेगळी फी नाही की परीक्षा नाही. पोरगं आधी टाळ घेऊन कडेला बसतं, ठेका कानात मुरला की कुणीतरी खंजेरी हातात देतं. तायकोत अख्खं शरीर लागतं, इथे बोटं आणि मनगट. पण शेजारच्याचं ऐकून आपला हात आवरणं दोन्हीकडे सारखंच. क्लाससाठी पुण्या-मुंबईचं तिकीट काढण्याआधी गावातल्या मंडळात महिनाभर बसणं जास्त कामाचं.

एक काळजी मात्र घ्या. जुन्या खंजेऱ्यांना घोरपडीचं कातडं असायचं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपड संरक्षित आहे, त्यामुळे असं कातडं विकत घेणं गुन्हा ठरतो. जंगलाच्या जिल्ह्यात कुणी ‘ओरिजिनल’ म्हणून दाखवलं तरी नको म्हणा. फायबरच्या पानाची घ्या.

आणि तायकोच वाजवायचाय? पंक्चरच्या दुकानातून जुना टायर आणा, हातभर लांबीच्या दोन जाड काठ्या तासून घ्या आणि तोंडाने ‘डोन डोको’ म्हणत सुरू करा. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.