बरेलीच्या बाजारातला झुमका

मागच्या भागात पुलांची गाणी झाली, आज एका बाजाराचं.

माझी बरेली छावणीत बदली झाली, तेव्हा आईच्या पहिल्याच पत्रात प्रश्न होता : झुमका सापडला का?

गाणं 1966 च्या 'मेरा साया'तलं. शब्द राजा मेहदी अली खान यांचे, आवाज आशाताईंचा, चाल मदन मोहन यांची. मदन मोहन तरुणपणी फौजेत अधिकारी होते, हे मी सांगणारच! आणि चित्रपटाचं मूळ म्हणजे राजा परांजपे यांचा 'पाठलाग'.

रविवारी मी तो बाजार शोधायला निघालो. सराफ म्हणाला, आमच्याच गल्लीत पडला. जरीकामवाल्यानं आपली गल्ली दाखवली. दोघांनाही खोटं म्हणता येईना, कारण गाण्यात गल्लीचं नाव नाही, चौकाचं नाही. बरेलीचा सुरमा नाही, जरी नाही. आहे ते फक्त शहराचं नाव आणि प्रियकराबरोबरची झटापट. एरवी रस्ता पाहून गाणं सुचतं. इथे गाणं आधी गाजलं आणि जागा शहराला नंतर शोधावी लागली.

ती 2020 मध्ये मिळाली. दिल्लीकडून येणाऱ्या महामार्गावरच्या तिठ्यावर सुमारे 14 फूट उंचीचा झुमका उभारला. नाव झुमका तिराहा. बाजारात पडलेला दागिना गावाबाहेर सापडला म्हणायचा!

निवृत्तीनंतर त्या वाटेनं जाताना गाडी थांबवून मी फोटो काढला, बहिणीला पाठवला. आई तोवर गेली होती.