कोवलम : एका सागरतीरीच्या गावाचा इतिहास आणि त्याच्या खुणा

कोवलम म्हटले की सर्वसाधारण वाचकाच्या डोळ्यांपुढे केरळातील प्रसिद्ध किनारा उभा राहतो. परंतु याच नावाचे आणखी एक गाव पूर्व किनाऱ्यावर आहे. मद्रासहून, म्हणजे आजच्या चेन्नईहून, महाबलीपुरमकडे जाणाऱ्या सडकेवर सुमारे ४० किलोमीटरवर ते लागते. एका बाजूस बंगालचा उपसागर, दुसऱ्या बाजूस मुट्टुकाडूची खाडी आणि मध्ये वाळूची पट्टी अशी त्याची रचना आहे. इंग्रजी कागदपत्रांत या गावाचा उल्लेख ‘कोव्हेलाँग’ असा येतो. आज ते चेंगलपट्टू जिल्ह्यात मोडते. गाव लहान असले तरी अठराव्या शतकातील कर्नाटकच्या राजकारणाची, युरोपीय व्यापाराची आणि धर्मसंगमाची हकिगत त्याच्या आधारे सांगता येते.

१६९८ मध्ये जिंजीचा किल्ला मोगलांच्या हाती गेला. छत्रपती राजाराम महाराजांनी आठ वर्षे लढविलेल्या त्या किल्ल्याच्या पाडावानंतर कर्नाटकात मोगलांचा अंमल स्थिर झाला आणि पुढे सादतुल्लाखान हा अर्काटचा नबाब बनला. कोवलमच्या बंदरास ‘सादत बंदर’ हे नाव मिळाले ते याच काळाची आठवण देते. नबाबाच्या दृष्टीने या बंदराचे महत्त्व उघड होते. मद्रास इंग्रजांकडे आणि पुद्दुचेरी फ्रेंचांकडे असताना आपल्या हुकमतीतील स्वतंत्र बंदर असणे त्यास इष्ट वाटणे स्वाभाविक होय.

या बंदरात एक अल्पपरिचित युरोपीय मंडळी येऊन राहिली. ऑस्ट्रियाचा सम्राट सहावा चार्ल्स याने १७२२ मध्ये ऑस्टेंड कंपनीस सनद दिली. ऑस्टेंड हे आजच्या बेल्जियममधील बंदर त्या वेळी ऑस्ट्रियाच्या सत्तेखाली होते. या कंपनीने बंगालमध्ये बांकीबाजार येथे आणि मद्रासच्या किनाऱ्यावर कोवलम येथे वखारी घातल्या. इंग्रज आणि डच यांना ही स्पर्धा सहन झाली नाही. आपल्यामागे कन्या मारिया थेरेसा हिने गादीवर यावे, ही सम्राटाची इच्छा होती आणि त्यासाठी त्यास या सत्तांची संमती हवी होती. परिणामी १७२७ मध्ये कंपनीचा व्यापार स्थगित झाला आणि १७३१ च्या व्हिएन्नाच्या तहाने तिचे भवितव्य संपले. व्हिएन्नातील वारसाहक्काच्या प्रश्नाचा निकाल अशा रीतीने कोवलमच्या वखारीवर लागला.

पुढील घडामोडींत मराठ्यांचाही हात आहे. १७४० मध्ये रघूजी भोसले यांच्या फौजेशी झालेल्या लढाईत नबाब दोस्तअली मारला गेला. त्यातून उद्भवलेल्या अस्थिरतेत १७४४ साली अन्वरुद्दीनखान नबाब झाला. कोवलमचा किल्ला त्यानेच बांधला असे ब्रिटिशकालीन गॅझेटियर सांगते. १७४९ मध्ये अंबूरच्या लढाईत अन्वरुद्दीन पडला आणि १७५० मध्ये फ्रेंचांनी कपटाने किल्ला बळकावला. १७५२ मध्ये रॉबर्ट क्लाइव्हने त्यास वेढा दिला. त्याच्याजवळ नुकतेच इंग्लंडहून आलेले सुमारे दोनशे नवशिके गोरे सैनिक आणि पाचशे नवे शिपाई होते. किल्ल्यावरील एका गोळ्याने एक सैनिक मरताच उरलेले गोरे पळत सुटले, आणि एक पहारेकरी तर काही तासांनी विहिरीच्या तळाशी सापडला, असे मेकॉलेने क्लाइव्हवरील निबंधात नमूद केले आहे. तथापि अखेर किल्ला पडला आणि इंग्रजांनी सुरुंग लावून तो उडवून दिला.

त्यामुळे पाहण्याजोगा किल्ला आज तेथे नाही. १९७०च्या दशकात त्याच्या जागी एक मोठे हॉटेल उभे राहिले. हा किल्ला डचांचा होता अशी समजूत प्रवाशांत रूढ आहे, परंतु ती पारखून घेतली पाहिजे. डचांचा प्रसिद्ध किल्ला दक्षिणेस सद्रास येथे आहे. ऑस्टेंड कंपनी दक्षिण नेदरलंड्समधील असल्याने दोहोंची गल्लत झाली असणे संभवते.

किल्ला गेला, तरी श्रद्धास्थाने टिकली. प्रेषितांचे सहकारी मानल्या गेलेल्या तमीम अन्सारी यांचा दर्गा येथे आहे, आणि तेथे मुसलमानांबरोबर इतर धर्मीयही जातात. कैलासनाथाचे शिवमंदिर गावात आहे. कार्मेल मातेचे चर्च पोर्तुगीज वंशाचा मद्रासचा व्यापारी जॉन डी माँटी याने १८०८ मध्ये बांधविले. १८२१ मध्ये तो निवर्तला आणि त्याचे दफनही तेथेच झाले. नबाब, सम्राट आणि कंपन्या यांची सत्ता अल्पजीवी ठरली, तर दर्गा, मंदिर व चर्च यांच्याभोवतीचा लोकव्यवहार दीर्घकाळ चालत राहिला, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

या सर्वांहून जुनी परंपरा मात्र मच्छीमारांची होय. लाकडाचे ओंडके बांधून केलेली ‘कट्टुमरम’ ही होडी जगाच्या भाषांत ‘कॅटमरान’ या नावाने गेली. गावामागून जाणाऱ्या बकिंगहॅम कालव्याने मीठ आणि जळाऊ लाकूड मद्रासला पोहोचत असे. १८७६-७८ च्या दुष्काळात या कालव्याचा काही भाग दुष्काळी काम म्हणून खोदण्यात आला होता.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने हा किनारा झोडपला. पुढे लाटांवर स्वार होण्याच्या खेळामुळे कोवलमचे नाव तरुणांत पसरले. २०२१ मध्ये येथील समुद्रकिनाऱ्यास स्वच्छतेसाठीचे ‘ब्लू फ्लॅग’ हे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले. पर्यटन वाढते तसा किनाऱ्यावरील जमिनीचा भावही वाढतो, आणि जाळी वाळविण्याची व होड्या ओढण्याची जागा आक्रसू लागते. सुरुंगाने किल्ला एका दिवसात नाहीसा झाला; वाळूवरील कोळ्यांचा हक्क हळूहळू नाहीसा होऊ शकतो. गावाच्या इतिहासाची नोंद घेताना चर्च आणि दर्ग्याइतकीच ही वाळूही ऐतिहासिक खूण मानली गेली पाहिजे.