ऊर्जेची रूपे आणि विहिरीची बादली

ऊर्जा म्हणजे कार्य करण्याची क्षमता. ती नाहीशी होत नाही, केवळ रूप पालटते. अल्लीपूरला आई विहिरीचे पाणी शेंदते, तेव्हा भाकरीतील रासायनिक ऊर्जा हातांत गतिज होते आणि वर आलेल्या पाण्यात स्थितिज होऊन साठते. उरलेली उष्णतेच्या रूपाने निघून जाते. दहा लिटर पाणी दहा मीटर वर आणण्यास ९८० ज्यूल लागतात. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रात कोळशाची रासायनिक ऊर्जा आधी उष्णता, मग गती व शेवटी वीज बनते. शंभर वॅटचा दिवा दहा तास जळाला की एक युनिट, म्हणजे ३६ लाख ज्यूल, खर्च होते. अर्थात सुमारे ३,६७० बादल्या! वाचकहो, रिकाम्या वर्गात दिवा जळताना दिसला, तर शेंदणारे ते हात आठवावेत.